पावसाआधीचा टँकर

कोकणात, लोट्याच्या पठारावर आभाळ सकाळपासून खाली आलेलं आहे. परशुराम घाटाच्या अंगाने ढग सरकतायत, वारा मधूनच पडतोय, आणि कारखान्याच्या गेटवर सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर उभा आहे. आत वीस टन माल, 98 टक्क्यांचा. टाकीवरच्या पाटीवर चार आकडे ठळक लिहिले आहेत: 1830. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला हा क्रमांक. वाचणाऱ्याची भाषा कुठलीही असो, या चार आकड्यांवरून त्याला आत काय आहे ते कळतं.

शिफ्ट इन्चार्ज ढगांकडे बघतायत. टँकर खाली करायला दोन तास लागतात, आणि खरेदी खात्याचा फोन येऊन गेलाय की प्लांटमधलं ॲसिड संपत आलंय.

"मामा, दोन तास मिळतील?"

मामा म्हणजे इथले सगळ्यात जुने ऑपरेटर. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते घाटाच्या दिशेने नजर टाकतात. "दोन मिळतील. तिसऱ्याची खात्री नाय."

"मग घ्या आत. पण आधी यादी."

मी त्यांच्या मागे चालते आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे वाक्य विद्यार्थ्यांना झोपेतही म्हणता येतं. पण तेच ॲसिड जमिनीवर सांडलं तर पुढे काय करायचं, हे आमचं पुस्तक एका ओळीत उरकतं. ती एक ओळ कारखान्यात केवढी लांब असते ते बघायला मी आले आहे. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, पायांत त्यांनीच दिलेले बूट, आणि पिवळ्या रेषेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद.

टँकर माल उतरवायच्या बेमध्ये लागतो. चाकांखाली लाकडी ठोकळे सरकतात. ड्रायव्हरकडून चावी काढून घेतली जाते आणि ती वॉचमनच्या खुंटीला जाते, कारण होज जोडलेली असताना कुणीतरी गाडी पुढे काढण्यासारखा दुसरा अनर्थ नाही. ड्रायव्हर चपलांवर उतरलाय. त्याला लांबच्या विश्रांतीच्या खोलीत बसायला सांगतात. तो तिथे न जाता खोलीच्या दारात उभा राहून बघत राहतो.

यादी वाचण्याचं काम एका हेल्परकडे आहे. हा विशीतला मुलगा खेडजवळच्या एका वाडीतला, ठेकेदाराकडून आलेला. मला वाटलं होतं यादी इन्चार्जसाहेब वाचतील. मी तसं विचारते तेव्हा ते म्हणतात, "मी ऑफिसात असतो, मॅडम. सांडतं तेव्हा पंपाजवळ हा असतो."

या उत्तरापाशी मला थांबावंसं वाटतं. कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही प्रयोगशाळेत, सांडलेल्या रसायनाजवळ सगळ्यात आधी पोचणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा असतो. हेल्पर, सफाई कामगार, हमाल, प्रयोगशाळेचा शिपाई. आणि रसायनाची माहिती मात्र वरून खाली झिरपत येते, खालपर्यंत येता येता आटते. बेच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेली सुरक्षा माहितीपत्रिका टांगलेली आहे. सोळा भागांची, इंग्रजीतली. सांडल्यास काय करावं हे सहाव्या भागात. तिच्याखाली पत्र्यावर रंगाने लिहिलेली दुसरी पाटी आहे, मराठीत आणि हिंदीत, आठ ओळींची. ती मामांनी लिहून घेतली आहे. मुलगा त्या पाटीकडे बघतही नाही. त्याला ती पाठ आहे.

"शॉवर," तो मोठ्याने म्हणतो आणि सेफ्टी शॉवरची साखळी ओढतो.

आधी गंजाचं लालसर पाणी येतं, मग वाफाळतं. शॉवरचा पाइप उघड्यावरून आलाय आणि मे महिनाभर तापलाय. ढग आले तरी पोटातलं पाणी गरमच आहे. भाजलेल्या माणसाच्या अंगावर हे पाणी पडलं तर तो शॉवरखाली थांबणारच नाही, पळेल. म्हणून मुलगा पाणी गार लागेपर्यंत सोडून देतो, मग मनगटावर घेऊन बघतो. शेजारचा आयवॉश सुरू करतो. दोन्ही धारा सारख्या उंचीच्या येतात ना, हे वाकून पाहतो. डोळ्यात थेंब गेला तर किमान पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं पापण्या बोटांनी उघड्या धरून ठेवणं एकट्या माणसाला जमत नाही, दुसऱ्याने धरावं लागतं. म्हणून ॲसिडच्या कामावर एकटा माणूस कधीच नाही.

मुलगा अचानक मामांकडे वळतो. "मामा, एक कळत नाय. खाली सांडलं तर पाणी मारायचं नाय, आणि अंगावर पडलं तर पाण्याखालीच उभं राहायचं. असं का?"

माझ्या वर्गात हा प्रश्न कधी आलेला नाही.

"खाली किती पडलंय? बादलीभर. तू मारणार तांब्याभर," मामा सांगतात. "ते उकळून उडणार, तुझ्याच तोंडावर. अंगावर काय असतं? ओघळ. त्यावर शॉवरचं पाणी धो धो. ऊन व्हायच्या आधी वाहून गेलं पाहिजे. थोडं पाणी वैरी, भरपूर पाणी मित्र. आणि कापडं आधी काढायची, लाजायचं नाय."

यात बदलण्यासारखं काही नाही. ॲसिड आणि पाणी एकत्र आले की उष्णता निघणारच. प्रश्न ती उष्णता कुठे जाते याचा. थोडं पाणी असेल तर तेच तापून फसफसतं आणि ॲसिड घेऊन उडतं. प्रवाह मोठा असेल तर उष्णताही तो घेऊन जातो.

पंपापासून वीसेक पावलांवर, पत्र्याच्या छपराखाली, पिवळी ट्रॉली आहे. इतक्या लांब का ठेवली, असं मनात येतं, आणि उत्तरही लगेच सुचतं: सांडलेल्या जागेजवळच सामान ठेवलं तर ते घ्यायला सांडलेल्यातूनच जावं लागेल. मुलगा एकेक झाकण उघडतो. पहिल्या निळ्या ड्रमात वाळू. तो मूठभर काढून दाबतो आणि बोटं उघडतो. वाळू सुटी घरंगळते.

"लाडू वळला तर बाद," तो म्हणतो.

कोकणात ही तपासणी जिवाची आहे. बाहेर टांगलेल्या लाल बादल्यांतली वाळू जूनच्या पहिल्या आठवड्यात ओली होते, आणि ओली वाळू ॲसिडवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. म्हणून इथली वाळू झाकणाच्या ड्रमात, छपराखाली. दुसऱ्या ड्रमात सोडा ॲश. दमट हवेने तिचा वरचा थर धरला आहे. मुलगा प्लॅस्टिकच्या फावड्याने गठ्ठे फोडतो, कारण गठ्ठा ॲसिडवर पडला तर बाहेरून फसफसतो आणि आतून कोरडाच राहतो. सोड्याची पन्नास किलोची एक गोण ड्रमात ओतलेली, दुसरी गोण शेजारी असायला हवी. तिथे नुसती लाकडी फळी आहे.

"दुसरी गोण?"

"मागच्या महिन्यात ड्रिलला वापरली, साहेब. स्टोअरला चिठ्ठी दिलीय."

इन्चार्ज यादीवर खूण करतात, पेन थोडा वेळ कागदावरच ठेवतात. एक गोण आहे, म्हणजे यादीतला किमान साठा आहे. काम थांबवावं एवढी त्रुटी नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर ती फळी राहते.

ट्रॉलीत आणखी बरंच आहे: पीव्हीसीचे दोन सूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, फेस शील्ड, प्लॅस्टिकची फावडी, पीएच पेपरची गुंडाळी, जाड पिशव्या, रिकामा ड्रम, लेबलं, ताडपत्री. नाही ती गोष्ट म्हणजे भुसा. भुशाचं पोतं शेजारच्या शेडमध्ये आहे, तेल सांडलं तर टाकायला, आणि त्याच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय: ॲसिडसाठी नाही. संहत सल्फ्युरिक ॲसिड लाकडातलं पाणी ओढून घेतं, भुसा काळा पडतो, तापतो. नायट्रिक ॲसिडवर भुसा टाकला तर तांबूस विषारी धूर निघतो आणि आगही लागू शकते. गॅरेजपासून गोदामापर्यंत आपल्याकडे काहीही सांडलं की पहिला हात भुशाकडे जातो, म्हणून ती लाल अक्षरं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

यादीतलं शेवटचं काम गटाराचं. साठवणीच्या टाकीभोवती डाईक आहे, ॲसिडप्रूफ विटांची. टाकी फुटली तरी सगळा माल आत मावेल एवढी. टँकरच्या बेलाही उंचवटा आणि मध्ये खड्डा आहे. पण बे आणि डाईक यांच्या मधोमध हातभर रुंदीची काँक्रीटची पट्टी राहून गेली आहे, उतार बाहेरच्या बाजूला. तिच्यावरून पाइप जातो आणि पाइपाची एक फ्लँज, म्हणजे जोड, नेमकी तिच्यावर येते. पट्टीचा उतार पावसाळी गटाराकडे, गटार नाल्याकडे, आणि इथला नाला शेवटी दाभोळच्या खाडीकडे. त्या खाडीतल्या भोई मच्छीमारांनी मेलेल्या माशांबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. मुलगा गटाराच्या तोंडावर रबरी चटई अंथरतो, तिच्यावर वाळूच्या चार पिशव्या ठेवतो आणि पायाने दाबून घट्ट करतो.

मग पंप सुरू होतो.

अर्धा तास काहीच घडत नाही. पंपाचा आवाज, टाकीची पातळी दाखवणाऱ्या काट्याची चढण, मामांची मधूनमधून फेरी. छपरावरचा कापडी मोजा वारा नैर्ऋत्येचा असल्याचं सांगतो. सगळे त्याच्या वरच्या अंगाला उभे आहेत. मुलगा पंपाच्या स्टॉप बटणापासून दोन हातांवर आहे आणि तिथून हलत नाही.

पहिला थेंब आधी आभाळातून पडतो की फ्लँजमधून, मला सांगता येत नाही. हेल्मेटवर टप्प असा आवाज होतो आणि त्याच सुमारास मुलगा ओरडतो, "लीक! लीक! लीक!"

बटण त्याने ओरडता ओरडताच दाबलेलं आहे. पंप थांबतो. पट्टीवरच्या फ्लँजला पांढऱ्या कापडाचं कव्हर बांधलेलं आहे. त्याच्यावरच्या खुणेच्या पट्टीचा रंग बदललाय आणि खालच्या टोकातून बारीक धार पडते आहे. कव्हर नसतं तर तीच धार पिचकारी होऊन कुणाच्याही तोंडापर्यंत आली असती. पंप थांबूनही धार थांबत नाही. उभ्या पाइपात भरलेलं ॲसिड आता उलटं खाली येतंय.

मुलगा पुढे धावत नाही. हे मला सगळ्यात जास्त जाणवतं. त्याच्या वयाचा कुणीही धावला असता, हाताने कव्हर आवळायला, खाली बादली लावायला. तो तीन पावलं मागे येतो आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहतो. ड्रायव्हर खोलीच्या दारातून पुढे आलाय. "पानी मारो भैया, पानी!" तो ओरडतो, आणि त्याचा हात भिंतीवरच्या नळीकडे जातो.

"पानी नहीं!" मुलगा आणि मामा एकदमच ओरडतात. वॉचमन ड्रायव्हरला खांद्याला धरून मागे नेतो.

त्याला दोष द्यावासा वाटत नाही. पाण्याने सगळं शमतं ही समजूत आपल्या हाडात आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणीच शिरलं होतं. त्यानंतर वर्षभराने, 4 डिसेंबर 1985 ला, दिल्लीत ओलियमची गळती झाली. ओलियम म्हणजे याच ॲसिडचा जास्त तीव्र, धुरकट भाऊ. त्या गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांची जबाबदारी निरपवाद ठरवली आणि 1987 मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. कामगाराला धोक्याची माहिती दिलीच पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. आज ती माहिती एका हेल्परच्या तोंडून दोन शब्दांत ड्रायव्हरपर्यंत पोचली.

भोंगा वाजतो. पलीकडच्या शेडमधली माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला जमायला लागतात, हजेरी सुरू होते. मामा आणि आणखी एक ऑपरेटर सूट चढवतायत. घाई दिसत नाही. पँट गमबुटाच्या आत नाही, बाहेर, म्हणजे ओघळ बुटात उतरणार नाही. हातमोज्यांची कड उलटी दुमडलेली, म्हणजे हात वर केला तर थेंब तिथेच अडेल. दोघं एकमेकांची चेन, शील्ड, मनगटं तपासतात. एक मिनिट जातं, दुसरं जातं, आणि मला ते फार वाटतं. पट्टीवर ॲसिड गटाराकडे सरकताना डोळ्यांसमोर दिसतंय.

दिसतंय म्हणजे तरी काय? धूर नाही, वास नाही. 98 टक्क्यांचं हे ॲसिड थंड असताना तेलकट पाण्यासारखं दिसतं, इतकंच. आजूबाजूला पावसाचे थेंब पडून काँक्रीटवर ओले ठिपके उमटतायत, आणि थोड्या वेळाने पाणी कुठलं आणि ॲसिड कुठलं हे नजरेला कळणार नाही. म्हणून पावसाळ्यात या आवारात एक नियम आहे, मामांच्या पाटीवर तो सातवा: टाकीजवळचं प्रत्येक डबकं ॲसिडचं, पीएच पेपर नाही म्हणेपर्यंत.

"ताडपत्री!" इन्चार्ज ओरडतात.

चाकांच्या लोखंडी चौकटीवर बांधलेली ताडपत्री दोघं लांबून ढकलत आणतात आणि पट्टीवर छत धरतात. त्याआधी जे थेंब ॲसिडवर पडतात, ते तडतडतात. प्रत्येक थेंबाला बारीक चटका बसल्याचा आवाज येतो. इन्चार्जना दुसरीही काळजी आहे, ती ते मला नंतर सांगतात: पाइप आणि टाकी साध्या पोलादाची आहे. संहत ॲसिड पोलादावर लोहाच्या सल्फेटचा थर धरतं आणि पुढे फारसं खात नाही. त्यात पाणी मिसळून ते पातळ झालं की पोलाद खायला लागतं, हायड्रोजन सुटतो, आणि जी फट केसाएवढी होती ती मोठी होते. पावसात गळती थांबत नाही, वाढते.

मामा आधी वरचा व्हॉल्व्ह बंद करतात. धार बारीक होते, थेंबांवर येते, थांबते. मग वाळू. ती मध्ये टाकत नाहीत. गटाराच्या बाजूने सुरुवात करून कडेकडेने बांध घालत येतात, डबक्याला वेढा पडेपर्यंत. वाळूने ॲसिड मरत नाही, फक्त जागेवर थांबतं. पण थांबलं की अर्धं काम झालं. उरलेली वाळू ते बांधाच्या आत पसरतात.

आता सोडा. फावडं अर्धंच भरायचं आणि कडेवर हलकेच झटकायचं. पहिल्या फावड्याला फेस उसळतो, फस्स असा लांब आवाज होतो, वाफ ताडपत्रीखाली फिरते. मामा हात आखडून थांबतात. फेस बसू देतात. मग दुसरं फावडं. ते मध्ये मध्ये सोडा तसाच ठेवून वाळूसकट ढवळतात, कारण वरून पांढरं दिसलं तरी खाली ॲसिड जिवंत असू शकतं.

मी मनातल्या मनात हिशेब करते. सांडलं असेल दहा-बारा लिटर. हे ॲसिड पाण्याच्या 1.84 पट जड, म्हणजे बारा लिटरचं वजन 22 किलोच्या आसपास. एका किलोला किलोभराहून थोडी जास्त सोडा ॲश. म्हणजे बारा लिटरला किमान 24 किलो, आणि प्रत्यक्षात ढवळण्यात, सांडण्यात आणखी. वर सुटणारा कार्बन डायऑक्साइड दहा किलोच्या घरात. उघड्यावर तो उडून जातो. बंद खोलीत हेच केलं असतं तर निष्प्रभ करणाऱ्यांचाच श्वास कोंडला असता. इतक्याशा सांडण्याला किमान अर्धी गोण लागते. तुमच्या कामाच्या जागी ॲसिडचा एक कॅन असेल आणि शेजारी सोड्याचा एक डबा ठेवून कुणी निश्चिंत असेल, तर हा गुणाकार त्याने एकदा करून बघावा.

फस्स आवाज बारीक होतो. मामा पीएच पेपरचा तुकडा ओल्या मिश्रणाला लावतात आणि वर धरतात. केशरी. अजून सोडा. पुन्हा कागद. पिवळा. अजून थोडा. हिरवट. ते अंगठा दाखवत नाहीत; तीन वेगळ्या ठिकाणी तीन कागद लावून झाल्यावरच मान हलवतात.

प्लॅस्टिकच्या फावड्यांनी मिश्रण रिकाम्या ड्रममध्ये भरलं जातं. दुसरा ऑपरेटर झाकण घट्ट आवळायला जातो आणि मामा त्याचा हात धरतात. आत अजून वायू सुटत असेल. झाकण नुसतं ठेवायचं, उद्या आवळायचं. ड्रमवर लेबल लागतं: आत काय, कधीचं, घातक कचरा. हा ड्रम कारखान्यात जास्तीत जास्त 90 दिवस राहू शकतो, मग कागदपत्रांसह तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे. पट्टी आता पाण्याने धुतात, आता पाणी चालतं, आणि ते धुणंही झाडूने बेच्या खड्ड्यात ढकलतात. तिथून ते सांडपाणी प्रकल्पात जाईल. गटाराच्या तोंडावरची चटई कुणी हलवत नाही. शेवटचा कागद हिरवा आल्यावर, आणि तोही इन्चार्जनी स्वतः बघितल्यावर, वाळूच्या पिशव्या उचलल्या जातात. तोवर पाऊस चांगला लागलाय.

दोघं सूटसकट शॉवरखाली उभे राहतात. मुलगा साखळी ओढून धरतो. आधी सूट धुतला जातो, मग बूट, मग सूट आतून बाहेर उलटा होत उतरतो, हातमोजे सगळ्यात शेवटी. मामांच्या कपाळावरचा घाम मला त्या वेळी दिसतो. ते पाणी पितात, आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणतात, "धावला नायस ते बरं केलंस."

छपराखाली इन्चार्ज सोडवलेली फ्लँज बघतायत. पाइप रिकामा करून, परमिट काढून ती उघडली आहे. त्यांच्या हातमोज्यावर काळ्या गॅस्केटचा तुकडा आहे, फुगलेला, बोटाने चुरा होणारा. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीत ही फ्लँज उघडली होती. ॲसिडच्या लाइनला टेफ्लॉनचं गॅस्केट लागतं. त्या मापाचं रात्रपाळीला स्टोअरमध्ये नव्हतं, म्हणून रबरी शीटमधून कापून बसवलं गेलं. सकाळी बदलू असं ठरलं असणार. कुणी बसवलं याची चौकशी तिथे होत नाही. ते स्टोअरची वही मागवतात आणि त्या मापाचं गॅस्केट कधीपासून शिलकीत नाही ते बघतात. बोट पानावरून खाली सरकतं, मागच्या पानावर जातं.

मग ते अहवाल लिहायला घेतात, आणि लिहिताना मुलाला समोर बसवून घेतात. वेळ किती, धार कशी होती, बटण दाबल्यावर किती वेळ गळत राहिलं. मुलगा आधी बिचकतो, मग नीट सांगायला लागतो. शेवटी तो स्वतःहून म्हणतो, "साहेब, ती मधली पट्टी. तिचा उतार आत घेतला तर गटार बंद करायला विसरलो तरी चालेल."

इन्चार्ज लिहिता लिहिता वर बघतात. "तुझ्या शब्दांत लिही," असं म्हणून रजिस्टर त्याच्याकडे सरकवतात. मुलगा मराठीत दोन ओळी लिहितो आणि खाली नाव घालतो. ठेकेदाराच्या माणसाची सही या रजिस्टरवर मी मागच्या पानांत शोधते. ही पहिलीच दिसते. एवढ्या एका सहीसाठी सुद्धा, मला वाटतं, इथे यावं.

फोन वाजतो. खरेदी खातं. अर्ध्याहून जास्त माल टँकरमध्येच आहे, नवं गॅस्केट बसलंय ना, मग पाऊस थांबला की सुरू करा.

"सोडा किती उरलाय?" इन्चार्ज फोनवर हात ठेवून विचारतात.

मुलगा ड्रमात डोकावतो, फावड्याने खरवडून बघतो. "पंधरा किलो. फार तर."

"वाळू?"

"ओली झाली सगळी."

इन्चार्ज फोन कानाला लावतात. "नाही. आज नाही. आधी दोन गोण्या सोडा आणि कोरडी वाळू येऊ दे." पलीकडून काहीतरी लांबलचक येतं. "टँकरचं हॉल्टिंग भाडं लागलं तर लागू दे. माझ्या नावावर टाका." आणि स्टोअरचा नंबर फिरवतात.

ड्रायव्हर दारात येऊन उभा आहे, आता पायांत कुणाचे तरी गमबूट घालून. "भैया, मेरा कब होगा?"

"पहिले सोडा आयेगा," मुलगा त्याला सांगतो, "फिर आपका नंबर."